शेवटचं कडवं गाळू नका

नाशिक जिल्ह्यातल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची, राष्ट्रीय सणांची आणि जयंत्यांची गाणी बसवणाऱ्या सर्व बाईंना आणि सरांना,

स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात नाशिकमधल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी गेले होते. नात नाचात होती, म्हणून तिसऱ्या रांगेत जागा धरून बसले होते. पडदा सरकला, दिवे निळे झाले आणि स्पीकरमधून ओळ आली, ‘एक दाणा नागलीचा, काळ्या मातीत निजला’. मी दचकून सावरून बसले. ही ओळ मी १९८९ च्या पावसाळ्यात, सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर, शाळेच्या ओट्यावर बसून लिहिली होती.

मुलींनी फार सुंदर केलं. डोक्यावर इरली घेऊन त्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, वाकल्या तेव्हा मला पाड्यावरचा चिखल दिसला. कुणाच्या तरी आईने खरी नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं मिळवून दिली होती. तिसरं कडवं झालं, ढोल वाढला, मुली हात जोडून रांगेत उभ्या राहिल्या आणि टाळ्या पडल्या. निवेदन करणारा मुलगा म्हणाला, ‘हे होतं एक पारंपरिक लोकगीत.’

त्या गाण्याला चौथं कडवं आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी गाणं बसवणाऱ्या बाईंना भेटले. वयाने लहान, दिवसभर उभं राहून दमलेल्या, गालावर मुलींची चमकी लागलेली. त्या म्हणाल्या, ‘आजी, ट्रॅक तेवढाच मिळाला. आणि खाली कुणाचं नावच नव्हतं, म्हणून पारंपरिक म्हटलं.’ त्यांनी माझे हात धरले. माझा त्यांच्यावर राग नाही. मीही चौतीस वर्षं मास्तरकी केली आहे. गॅदरिंगला वेळ पुरत नाही म्हणून मीही तुकोबांच्या अभंगाचे दोनच चरण बसवले आहेत, आणि तेव्हा आपण काय कापतो आहोत याचा विचारही केला नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे पत्र, कुणा एकीला नव्हे, तुम्हा सगळ्यांना.

मागणं एकच आहे. गाणं बसवताना शेवटचं कडवं गाळू नका, आणि ते कुणी रचलं हे माइकवरून सांगा.

आपल्या भाषेत गाणाऱ्याचं नाव पत्रिकेवर असतं, पण रचणाऱ्याचं नाव गाण्यातच असतं, आणि ते शेवटी असतं. नामा म्हणे. तुका म्हणे. एका जनार्दनी. चोखा म्हणे. म्हणे जनी. याला आपण नाममुद्रा म्हणतो. छापखाना नव्हता, पत्रिका नव्हती, मोबाइलचा पडदा नव्हता, तेव्हा तोंडातून तोंडात जाणाऱ्या गाण्याबरोबर रचणाऱ्याचं नाव टिकवायची ही सोय होती. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही अभंग पाठ झाला की तो कुणाचा ते कळायचं. जनाबाईंचं उदाहरण घ्या. नामदेवांच्या घरची दासी. तिच्याकडे जमीन नव्हती, मठ नव्हता. चरणाच्या शेवटी ‘जनी’ हा शब्द तेवढा होता, आणि त्या एका शब्दाच्या बळावर सातशे वर्षांनी आपण तिला ओळखतो. तो चरण त्या काळच्या एखाद्या हौशी मंडळींनी वेळेअभावी गाळला असता तर?

आमच्या घरची दिंडी दरवर्षी पौष वद्य एकादशीला सिन्नरकडून निघून नाशिकवरून त्र्यंबकेश्वरला जायची, निवृत्तिनाथांच्या यात्रेला. थंडी इतकी की टाळ हाताला चटका लावायचे. वडील पखवाजाला असत. अभंग सुरू होताना चाल संथ असायची, एखादा म्हातारा मधेच चपला शोधायला मागे राहायचा, बायका बोलत चालायच्या. पण शेवटचा चरण आला की सगळे एकदम गोळा व्हायचे, टाळ चढायचे, लय दुप्पट व्हायची, आणि संताचं नाव पंधरा-पंधरा वेळा घेतलं जायचं. मग नामघोष. त्या दिंडीत निम्म्या लोकांना सही करता येत नव्हती. त्यांनी शेवटचा चरण कधी सोडला नाही. शिकलेल्या आपण सोडला.

याचं एक कारण यंत्राचं आहे, तेही सांगते. जुनी लाखेची तबकडी ७८ फेऱ्यांची, एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजायची. तेवढ्यात बसेल तेवढंच गाणं ध्वनिमुद्रित झालं. चार-पाच कडव्यांच्या रचनेतली दोन-तीन कडवी उरली आणि पुढे तेच गाणं ‘पूर्ण’ म्हणून लोकांच्या कानात बसलं. आकाशवाणीने मात्र एक फार मोठी शिस्त लावली होती. गाणं वाजण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक ही तिन्ही नावं सांगायची. आमच्या पिढीला कवींची नावं ठाऊक झाली ती पुस्तकांमुळे कमी आणि सकाळच्या रेडिओमुळे जास्त. आता मोबाइलवर गाणं लावलं की बहुतेक वेळा गायकाचा फोटो दिसतो, चित्रपटाचं नाव दिसतं, आणि शब्द जणू वाऱ्यावरून आलेले असतात.

नाशिककरांनी तरी हे चालवून घेऊ नये, कारण या जिल्ह्याने शब्द रचणाऱ्यांची मोठी परंपरा पाहिली आहे. सिन्नरजवळच्या बावीचे शाहीर परशराम घ्या. खुद्द नाशिकचे कवी गोविंद घ्या. गोविंद त्र्यंबक दरेकर, जन्म १८७४. पायांनी पांगळे. सुरुवातीला लावण्या रचणारा हा माणूस मित्रमेळा या क्रांतिकारकांच्या मंडळात आला आणि स्वातंत्र्याची गाणी रचू लागला. त्या कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या खटल्यात न्यायाधीशांनी कवितांच्या ओळी समोर ठेवून त्यांचा अर्थ लावला. परक्या सरकारला गाण्यातला शब्दन्‌शब्द कुणाचा आणि कशासाठी याची एवढी फिकीर होती. आपल्या मुलांना आपण ते एका वाक्यातही सांगत नाही. गोविंदांच्या गाण्यावर १५ ऑगस्टला कवायत झालेली मी पाहिली आहे. ते आपल्या नाशिकचेच होते, हे त्या मैदानावरच्या एकाही मुलाला माहीत नव्हतं.

आणि मग वामनदादा. लोककवी वामनदादा कर्डकांवर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण मला गाणं आणि शिकवणं या दोन गोष्टी एकच आहेत हे त्यांच्यामुळे समजलं.

जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. आमच्याच तालुक्याचे. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मुंबईला गेले, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. मोठेपणी एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिलं आणि ते वाचता येईना, याची त्यांना फार लाज वाटली. देहलवी मास्तरांनी त्यांना अक्षरं शिकवली. मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले. पाट्या! मुंबईचे रस्ते ही त्यांची अंकलिपी. समता सैनिक दलात काम करता करता १९४३ च्या सुमारास गाणं सुरू झालं, आणि पुढे साठ वर्षं हा माणूस गावोगाव फिरला. बाबासाहेबांचा विचार, शाळेत जाण्याचं महत्त्व, दारूची राखरांगोळी, भूक, गिरणी, आणि धम्मदीक्षेनंतर बुद्धाची करुणा, सगळं गाण्यात. हजारो गाणी. १५ मे २००४ ला नाशिकमध्येच त्यांनी देह ठेवला.

मी त्यांची गाणी कॅसेटवर ऐकली आहेत. १९९१-९२ मध्ये साक्षरता अभियानात आम्हा शिक्षकांना रात्रीचे वर्ग दिले होते. कंदिलाच्या उजेडात पंचवीस बाया बसायच्या, दिवसभर कांदा खुडून, निंदणी करून आलेल्या. पुस्तक उघडलं की पेंगायच्या. गाणं लावलं की जाग्या. अनेक गाण्यांच्या शेवटी ‘वामन’ येतो. एका बाईने मला विचारलं, ‘बाई, हा वामन कोण?’ मी सांगितलं, आपल्या देशवंडीचा, तुमच्यासारखाच मोठेपणी अक्षर शिकला. त्या रात्री तिने पाटीवर स्वतःचं नाव पहिल्यांदा पूर्ण लिहिलं आणि ती पाटी पुसू देईना. तशीच घरी घेऊन गेली, पदराने झाकून, पुसली जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मला तिच्यासाठी नवी पाटी आणावी लागली.

तेव्हा मला कळलं की प्रौढ माणूस अक्षर शिकतो तेव्हा पहिलं लिहितो ते नाव. आणि गाणारा माणूस शेवटी सांगतो ते नाव. अंगठ्याच्या जागी सही आली की जे होतं, तेच शेवटच्या कडव्यात होतं. वामनदादांच्या गाण्यातला ‘वामन’ काढला तर देशवंडीच्या त्या निरक्षर मुलाची पहिली सहीच आपण पुसतो. १४ एप्रिलला तुमच्या शाळेत त्यांचं गाणं होणारच आहे. शेवटपर्यंत गाऊ द्या. आणि गाण्याआधी पाट्यांची गोष्ट सांगा. मुलांना ती विसरायला होणार नाही.

पंचवटीतला एक धागाही इथे आठवतो. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी तयार केली, गाण्याची पाठ्यपुस्तकं काढली, गाणं घराण्याच्या बंद दाराबाहेर आणून कुणालाही शिकता येईल असं केलं. पुढे मुंबईतल्या विद्यालयाची इमारत कर्जात गेली. त्याच काळात ते नाशिकला आले आणि पंचवटीत रामनामाच्या आधारावर आश्रम चालवला. संगीत, शिक्षण आणि उपासना ही तिन्ही कामं त्यांच्यापुरती एकच होती. मीरा, सूरदास, कबीर यांची पदं त्यांनी रागात बसवून सभांमध्ये नेली. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ सालचा, नाशिकचाच. त्यांची मीरेची भजनं ऐका. तबकडीची तीन मिनिटं त्यांनाही होती. तरी मीरेचं नाव येतं तिथवर ते पोहोचतातच, आणि त्या नावावर आवाज कसा हलका होतो ते एकदा कान देऊन ऐका. वेळ नाही हे कारण त्यांनाही देता आलं असतं.

आता माझ्या आईचं. ती पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. तिच्या ओव्यांना नाममुद्रा नव्हती. भावाचं नाव असायचं, लेकीच्या सासरच्या गावाचं असायचं, विठ्ठलाचं असायचं, तिचं स्वतःचं कधीच नाही. गिरणी आली, जातं अंगणात उलटं पडलं, आणि तिच्याबरोबर त्या ओव्या गेल्या. मला चाळीसेक आठवतात, त्यातल्या तिने रचलेल्या किती आणि तिच्या आईकडून आलेल्या किती, हे सांगता येत नाही. पुण्याचे अभ्यासक गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही, की त्यांनी ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. ‘पारंपरिक’ एवढ्यावर भागवलं नाही. ज्या बाईचं नाव रेशनकार्डावरही नवऱ्याच्या खाली यायचं तिचं नाव ओवीच्या शेजारी आलं. आई गेल्यावर मी भजनं लिहू लागले तेव्हा नाममुद्रा काय घ्यावी हा प्रश्न पडला. मी ‘ओवीची लेक’ अशी घेतली. आमच्या भजनी मंडळात शेवटच्या चरणाला बाया ते म्हणतात तेव्हा मला आईच्या जात्याची घरघर ऐकू येते.

इथे एक शंका माझी मलाच बरीच वर्षं होती, आणि तुमच्यापैकी कुणाच्या मनात येईल म्हणून ती लपवत नाही. निवृत्तीनंतर मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेला जाऊ लागले. १९७६ पासून तिथे दहा-दहा दिवसांची शिबिरं चालतात. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, वही-पेन नाही, वाचन नाही, गाणं नाही, आपला नामजपसुद्धा तेवढे दिवस बाजूला ठेवायचा. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या आणि आयुष्यभर गुणगुणणाऱ्या बाईला हे किती जड गेलं असेल, विचार करा. पहिले तीन दिवस डोक्यात नुसती गाणी. जुन्या चाली, अर्धवट ओळी, मुलांचे पाढे, सगळं एकावर एक. चौथ्या-पाचव्या दिवशी ते शांत झालं आणि त्या शांततेत एक उघडं दिसलं, की ‘माझं, माझं’ करतच आपण दुःख बांधत असतो. गोएंका गुरुजी प्रवचनात तेच समजावत होते. तिथून बाहेर पडताना समोर ढगात बुडालेले डोंगर होते आणि मी स्वतःला विचारत होते, मग ही नाममुद्रा हाही अहंकारच का? गाणं माझं, माझं नाव घ्या, हे मागणं सोडून द्यावं का? दोन वर्षं मी भजनात नाव घातलं नाही.

उत्तर मला तुकोबांच्याच अभंगात मिळालं. ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत’ हा अभंग तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. हे शब्द माझे नाहीत, बोलवणारा वेगळा आहे, पढवलेल्या साळुंकीसारखा मी, असं ते सांगतात. यापेक्षा अहंकार सोडणं काय असतं? आणि तोच अभंग ‘तुका म्हणे’वर संपतो. शब्द माझे नाहीत असं म्हणणारा माणूससुद्धा म्हटलं कुणी ते सांगून जातो. ती मालकी नाही. ती साक्ष आहे. पोलीसपाटलासमोर जबाब देणारा खाली सही करतो, ती जबाबाचा मालक म्हणून नव्हे. हे मी बोललो, याला मी बांधील आहे, एवढंच त्या सहीत असतं. त्याच शेवटच्या चरणात पांगळ्याला पायांवाचून चालवणाऱ्याची कळा कोण जाणे, असं येतं. मला तिथे दरवेळी कवी गोविंद आठवतात.

आता नागलीच्या गाण्याकडे परत येते.

पाड्यावरच्या त्या शाळेत आम्ही दोन शिक्षक, चार वर्ग, एक खोली. मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलायची. पुस्तकातली सफरचंदं आणि आगगाडी त्यांनी पाहिली नव्हती. मोजणी शिकवायची तर पुस्तकातली फळं मोजून काही उपयोग नव्हता. रात्री खालच्या घरातून थाळगान ऐकू यायचं, थाळीला मेणाने काडी चिकटवून तिच्यावरून बोटं ओढत एक म्हातारा कणसरी मातेची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा सांगायचा. तो घुमणारा सूर धरूनच मी मोजणीचं गाणं बांधलं. एक दाणा नागलीचा, दोन थेंब पावसाचे, तीन पानं, चार जणी आवणीला, असं दहापर्यंत. तीन कडव्यांत नागली पेरली, वाढली, कापली, दळली. माझ्या लेखी गाणं तिथे संपलं होतं.

तिसरीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, भाकर कुठं भाजली?’ मी म्हटलं, दळण झालं की भाकर होतेच. ती ऐकेना. ‘भाजल्याबिगर कशी व्हईल? आईचा हात पोळतो ना.’ मग सगळा वर्ग बोलू लागला. त्यांनी तासाभरात चौथं कडवं केलं. मी फक्त फळ्यावर उतरवून घेतलं. शेवटची ओळ कुणी सांगितली हे मला आजही आठवतं, पण ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण तो मुलगा आता बापई माणूस आहे आणि त्याला विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नाही. त्याला तेव्हा मी नाममुद्रेचा धडा दिलेला नव्हता. त्याने तो आजोबांच्या मांडीवर, थाळीच्या नादात घेतला असेल.

म्हणजे त्या रात्री स्टेजवर जे कापलं गेलं ते माझं नव्हतं. माझी तीन कडवी मुलींनी पूर्ण केली. कापलं गेलं ते पाड्यावरच्या सव्वीस मुलांनी रचलेलं कडवं, आणि त्यांचं नाव. वर ‘पारंपरिक’ म्हणून सांगितलं गेलं. परंपरा रचत नाही हो. कुणीतरी एक जण, एका दुपारी, हात पोळलेल्या आईला आठवून रचतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण काही मुख्याध्यापक त्याला घाबरतात. शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी शाळेच्या कार्यक्रमात, पालकांसमोर गाणं सादर करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मोकळीक दिली आहे. आम्ही गीतकार तुमच्याकडे पैसे मागायला येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये रचणाऱ्याला आपली रचना आपली म्हणून सांगण्याचा हक्क आहे, हक्क विकले तरी तो उरतो. नाव घ्यायला खर्च येत नाही.

मग करायचं काय? ट्रॅक अडीच मिनिटांचा असेल तर ट्रॅक बाजूला ठेवा. पेटी आणि ढोलकी वाजवणारं कुणी ना कुणी प्रत्येक गावात आहे, भजनी मंडळातच विचारा, ते आनंदाने येतील. वेळच नसेल तर मधलं कडवं कमी करा, शेवटचं ठेवा. निवेदन लिहिणाऱ्या मुलाला आधी विचारा, हे कुणी लिहिलं? त्याला शोधू द्या. पुस्तकात नाही मिळालं तर आजीला विचारू द्या, गावातल्या म्हाताऱ्या गायकाला विचारू द्या. हा त्या मुलाचा खरा प्रकल्प होईल, पुठ्ठा आणि थर्माकोलच्या प्रकल्पाहून बरा. शोधूनही नाव मिळालं नाही, तर ‘पारंपरिक’ म्हणण्याऐवजी ‘हे आम्ही अमक्या गावातल्या अमक्या आजींकडून ऐकलं’ असं सांगा. त्या आजींना पहिल्या रांगेत बसवा. आणि कार्यक्रमपत्रिकेवर पाहुण्यांच्या सात नावांखाली गीतकारांसाठी एक ओळ ठेवा. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये बाहेरून खूप लोक येतील, शाळांनाही गाणी बसवायला सांगितलं जाईल. निदान तेव्हा तरी आपल्या मातीतली गाणी बिननावाची स्टेजवर जायला नकोत.

त्या तरुण बाईंचा परवा फोन आला होता. २६ जानेवारीला मुली पुन्हा तेच गाणं करणार आहेत, चौथं कडवं हवं आहे, असं म्हणाल्या. मी त्यांना लिहून पाठवलं. तुम्हालाही इथेच देते. चाल आधीच्या कडव्यांचीच आहे, लय थोडी कमी करायची. पहिल्या ओळीनंतर ढोल थांबवा, मुलांना आपापला हात बघू द्या, आणि दुसरी ओळ तीन वेळा घ्या, तिसऱ्या वेळी वाद्यांशिवाय. निवेदनात माझं नाव घेतलं नाही तरी चालेल, पण रचना ‘सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा तिसरीचा वर्ग, १९८९’ एवढं सांगा.

भाकर भाजली कुणी, आईच्या बोटाला फोड,
आम्ही तिसरीची पोरं, नाव आमचंबी जोड.

आपली नम्र,
ओवीची लेक
नाशिक